मुद्देमाल

घोड्याशी माझा संबंध आजवर केवळ शब्दांपुरता होता. मराठी शिकवणाऱ्या माणसाचा त्याहून अधिक संबंध असण्याचे कारणही नाही. ‘खोगीरभरती’ म्हणजे काय, हे मी गेली अठरा वर्षे मुलांना सांगत आलो आहे. पण खोगीर म्हणून कधी हातात धरले नव्हते. तोबरा भरणे, लगाम घालणे, वरातीमागून घोडे – आपल्या भाषेच्या पागेत अशी पुष्कळ जनावरे बांधलेली आहेत. परीक्षेच्या वेळी वाक्यात उपयोग करण्यासाठी त्यांना बाहेर काढायचे आणि पेपर तपासून झाले की पुन्हा दावणीला बांधायचे, एवढाच आमचा व्यवहार. नाही म्हणायला लग्नाच्या वरातीत एकदा घोड्यावर बसलो होतो. त्या रात्री घोडा अधिक घाबरला होता की मी, याविषयी आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही.

असा हा मी पाच घोड्यांच्या एका पोलीस प्रकरणात सापडलो. आरोपी म्हणून नव्हे, पंच म्हणून. आरोपींच्या यादीत माझे नाव यायला पुढे आठ-नऊ महिने जावे लागले. ती हकीकत ओघाने येईलच.

त्याचे असे झाले. मी नोकरीनिमित्त साताऱ्यात असतो आणि आई सांगलीला, कृष्णाकाठच्या आमच्या जुन्या घरात. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी सकाळची एसटी धरून मी आईकडे जातो. दोन वर्षांपूर्वीच्या माघातल्या अशाच एका शनिवारी कराड मागे पडल्यावर आमच्या गाडीने जी मान टाकली, ती टाकलीच. दुसरी गाडी यायला तास लागेल, असे कंडक्टरने सांगितले. मी पाय मोकळे करावेत म्हणून खाली उतरलो आणि समोरच्या पोलीस ठाण्याच्या फाटकाशी उभ्या असलेल्या हवालदारांच्या नजरेस पडलो. त्यांना दोन प्रतिष्ठित नागरिक हवे होते. माझा चष्मा आणि खांद्यावरची पिशवी पाहून त्यांनी मला तत्काळ प्रतिष्ठित ठरवले. दुसरे प्रतिष्ठित नागरिक समोरच्या चहाच्या गाड्याचे मालक होते आणि त्यांना या कामाचा माझ्याहून पुष्कळच अनुभव होता.

ठाण्याच्या आवारात एक टेम्पो उभा होता. एरवी ज्यातून कांद्याची पोती जातात तसला. त्यातून नुकतीच पाच तट्टे उतरवून लिंबाच्या झाडाला बांधली होती. एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेकडे त्यांना नेत असताना नाक्यावर अडवले होते.

“सर, तुम्ही प्राध्यापक म्हणजे अक्षर चांगलं असणार,” हवालदार म्हणाले. “मी सांगतो, तुम्ही लिहा. मुद्देमाल, पाच नग.”

“नग?” मी विचारले.

“मुद्देमाल नगावरच मोजतात, सर.”

मी ‘पाच नग’ असे लिहिले. मग प्रत्येक नगाचे वर्णन करायचे होते. आयुष्यात प्रथमच मी घोड्याकडे नीट पाहिले, ते असे. लांबून पाहताना पाच तपकिरी-काळी जनावरे एवढेच दिसत होते. लिहायचे म्हटल्यावर जवळ जावे लागले. एकाच्या पाठीवर खोगिराखाली तळहाताएवढी जखम होती आणि तिच्यावर हळद चोपडलेली होती. एकाच्या डाव्या डोळ्यात सारा पडलेला. सगळ्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. मी त्या खरोखरच मोजल्या, कारण हवालदारांनी मला ‘सविस्तर लिहा’ असे बजावले होते. एका घोडीच्या कुशीला बिलगून सहा-सात महिन्यांचे शिंगरू उभे होते. ते तेवढे त्यातल्या त्यात बरे दिसत होते. आई वाळून गेली होती आणि शिंगरू तगले होते.

“तांबडं लिवू नका मास्तर, कुमैत लिवा,” मागून आवाज आला. सत्तरीच्या घरातला एक म्हातारा भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. तट्टे त्याची. “आन् त्ये पांढरं-काळं न्हाई, अबलख. चारी पाय आन् कपाळ पांढरं आसलं की पंचकल्याणी.”

हे तिन्ही शब्द मला जुन्या गद्यातून ठाऊक होते. आरोपीने ते मला पंचनाम्यासाठी पुरवावेत, याची मला गंमत वाटली आणि थोडी लाजही वाटली. मग तो न विचारताच नावे सांगू लागला. मोती, राणी, सरदार आणि घोडी ती बिजली. हवालदार म्हणाले, “नावं नकोत सर, खूण पुरे.” पण मी प्रत्येक नगापुढे कंसात नाव घातले. शिंगराचे नाव विचारले तर म्हातारा म्हणाला, “त्याचं ठेवल्यालं न्हाई. ज्याच्या दारात मोठं हुईल, त्यानं ठेवायचं. माझ्या दारात ऱ्हातंय का, त्याचा काय भरवसा?”

म्हाताऱ्याचा दोष मी लपवणार नाही. जखमेवर खोगीर घालणारा तोच होता. पण करोनाच्या दोन वर्षांत जत्रा बंद पडल्या, तेव्हा त्याने कर्ज काढून या जनावरांना जगवले होते आणि पुढे ते कर्ज फेडण्यासाठी त्यांनाच झिजवले होते. ‘घोडे मेले ओझ्याने आणि शिंगरू मेले हेलपाट्याने’ ही म्हण मी वर्गात कितीदा सांगितली असेल! तिचा अर्थ त्या लिंबाखाली माझ्यासमोर पाच दाव्यांना बांधलेला होता.

आता सही करून मी सुटलो, असे मला वाटले. पण गाडी यायला अवकाश होता, म्हणून मी सहज विचारले, “आता यांचे काय करणार?”

हवालदार हसले. “तोच तर घोळ आहे, सर. मोटारसायकल जप्त केली तर ती दोन वर्षं आवारात गंजत राहते, कुणाचं काही अडत नाही. ही मंडळी संध्याकाळी वैरण मागणार.”

हे वाक्य मी पिशवीतून सांगलीला घेऊन गेलो म्हणा ना. १९६० साली आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यामागे नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची खटपट होती; १९५३ साली त्यांनी राज्यसभेत यासाठी स्वतः विधेयक मांडले होते. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड लिहिला आहे. त्या काळी ती रक्कम काही लहान नव्हती. आमच्या म्हाताऱ्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला जो दंड झाला, तो माझ्या एसटीच्या तिकिटाहून कमी होता. जप्त केलेली जनावरे खटला चालेपर्यंत कुठे ठेवायची, त्यांचा खर्च कुणी सोसायचा, याचे सविस्तर नियम केंद्र सरकारने २०१७ साली केले: पांजरपोळात, गोशाळेत किंवा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेत ठेवावीत आणि खर्च मालकाकडून घ्यावा. नियम चांगला आहे. पण ज्याला स्वतःच्या जेवणाची भ्रांत, त्याच्याकडून पाच घोड्यांचा खर्च कोण कसा घेणार? म्हाताऱ्याने ‘मला ही जनावरे पोसवत नाहीत’ असे लिहून दिले, खाली अंगठा उठवला आणि तो निघून गेला. जाताना त्याने मागे वळून पाहिले नाही, असे चहावाले पंच मला पुढे एकदा म्हणाले.

जवळच्या एका गोशाळेने तट्टे तात्पुरती ठेवून घेतली. “आमची गोशाळा आहे, घोडशाळा नव्हे,” हे तिथल्या कारभाऱ्यांनी मला पहिल्या भेटीत दोनदा आणि दुसऱ्या भेटीत एकदा सांगितले. मी भेटींना का जात होतो, हे मलाही सांगता येत नसे. माझी सांगलीची वाट तिथूनच जाते, असे मी घरी सांगत असे. घरी सौभाग्यवतींनी नकाशा काढून पाहिला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

तिथे मला एक पशुवैद्य भेटले. सांगलीचेच, चाळिशीतले, कमी बोलणारे. सांगली भागात राबत्या जनावरांवर उपचार करण्याची आता एक वहिवाट पडली आहे. ‘अॅनिमल राहत’ ही संस्था २००३ सालापासून इथे बैल, गाढवे आणि तट्टे यांच्यावर मोफत उपचार करते. आमचे डॉक्टर मात्र स्वतंत्र व्यवसाय करणारे. पहिल्याच दिवशी मी तट्टांसाठी घरून मोठ्या प्रेमाने पाच किलो हरभरे नेले होते. डॉक्टरांनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली.

“उपाशी घोड्याला एकदम दाणा घातला तर तो मरू शकतो,” ते म्हणाले. “घोड्याला उलटी होत नाही, सर. पोटात गेलं ते गेलं. आधी थोडी थोडी कोरडी वैरण, दिवसातून पाच-सहा वेळा. दाणा मागाहून.”

मग त्यांनी मला हिशेब सांगितला. असले लहान तट्टू दोनशे किलोंच्या आसपास भरते. त्याला दिवसाला चार किलो तरी कोरडी वैरण हवी. पाच जणांची वीस किलो. महिन्याला सहाशे. हे वर्षाचे बारा महिने आणि तट्टू पंचवीस-तीस वर्षे जगते. शिवाय खूर नखासारखे वाढतात. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलावून ते तासावे लागतात. “जप्ती एका सकाळची असते,” डॉक्टर म्हणाले, “खाणं तीस वर्षांचं.”

तेव्हा मला एक जुने पत्र आठवले. शिवछत्रपतींनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडच्या लष्करी छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले. रयतेला त्रास देऊ नका, ही त्यातली आज्ञा आपण नेहमी सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण ते पत्र निम्म्याहून अधिक वैरणीविषयी आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-गवत आताच मनास येईल तसा खर्च केला तर पुढे काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. रात्री दिवा जळता ठेवाल, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथवर त्यात बजावले आहे. हे पत्र मी वर्गात ‘शिवकालीन गद्याचा नमुना’ म्हणून शिकवतो. अव्यये दाखवतो, फारसी शब्द दाखवतो. त्यातले गवत मला त्या गोशाळेत प्रथम दिसले. घोड्यावर दया करा, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. वैरणीचा हिशेब ठेवा, एवढेच म्हटले आहे.

आणि ती घोडी कोण होती? बहुतेक याच जातीची. भीमा-नीरेच्या काठची ही भीमथडी तट्टे. उंची चार-सव्वाचार फूट, दिसायला किरकोळ, पण डोंगर चढायला आणि अर्धपोटी मजल मारायला पक्की. राज्य गेले, पागा मोडल्या, आणि या तट्टांना माणदेशातल्या, भीमथडीतल्या धनगरांनी सांभाळले. मेंढ्यांमागे फिरताना सारा संसार, वेळी कोंबड्या आणि लहान मुलेसुद्धा, याच तट्टांच्या पाठीवर जातात. अलीकडे सरकारने भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून नोंदलीही आहे. नोंद झाली हे चांगले झाले. आमच्या पाच नगांचीही नोंद होतीच.

मी मग थोडे वाचू लागलो. इंग्लंडमध्ये १८४२ च्या कायद्याने बायका आणि लहान मुले यांना कोळशाच्या खाणीत उतरवणे बंद झाले, तेव्हा त्यांच्या जागी लहान घोडे उतरवण्याचे प्रमाण वाढले. पहिल्या महायुद्धाच्या आधी अशी सत्तर हजारांच्या आसपास घोडी जमिनीखाली होती. पुढे यंत्रे आली, खाणी मिटल्या आणि वर आणलेल्या घोड्यांसाठी घरे शोधणारी माणसे निघाली. अमेरिकेत ३४ इंचांहून बुटके घोडे केवळ हौसेसाठी पैदा करतात. हौस फिटते, कळप वाढतो आणि एक दिवस पोलीस येतात. आपल्याकडे २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हाही गाडीवानांचे काय आणि घोड्यांचे काय, हे दोन प्रश्न जोडीने उभे राहिले. मिरज स्टेशनाबाहेरचा टांगा माझ्या लहानपणी कधी दिसेनासा झाला, हे मला आठवत नाही. त्या टांग्याचा घोडा कुठे गेला, असे मी कुणाला विचारल्याचेही आठवत नाही.

घरे शोधण्याचे काम माझ्याकडे कुणी दिले नव्हते. पण कारभारी एकदा म्हणाले, “सर, तुमच्या ओळखी पुष्कळ,” आणि ही स्तुती मला गोड वाटली. महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांना मी सांगितले, माजी विद्यार्थ्यांना निरोप धाडले. मग माणसे येऊ लागली. एका गृहस्थांना मुलाच्या वाढदिवसापुरते तट्टू हवे होते. दुसरे दिवशी त्याचे काय, हे त्यांनी ठरवले नव्हते. एका वरातवाल्याला पांढरेच हवे होते. ‘रंग देता येईल’ असे तोच म्हणाला. एका होतकरू पुढाऱ्याला मिरवणुकीसाठी हवे होते, पण घोड्याची उंची पाहून त्याचा उत्साह मावळला.

डॉक्टर प्रत्येकाला तेच प्रश्न विचारीत. पावसाळ्यातली वैरण कुठे ठेवणार? नालबंद कोण? तुम्ही लग्नाला पुण्याला गेलात तर पाणी कोण दाखवणार? घोडा कळपातले जनावर आहे, त्याला सोबत कुणाची? निम्मे लोक तिसऱ्या प्रश्नाला उठत.

मोती आणि राणी माण तालुक्यातल्या एका मेंढपाळ कुटुंबाकडे गेली. मी चाचरत विचारले, “पण तिथे त्यांना ओझे वाहावे लागेल ना?” डॉक्टर म्हणाले, “काम करणं म्हणजे छळ नव्हे, सर. जखमेवर ओझं घालणं म्हणजे छळ.” एका डोळ्याने आंधळा सरदार गोशाळेतच राहिला. कारभाऱ्यांना तो आवडू लागला होता आणि ते हे कबूल करीत नव्हते.

राहिली बिजली आणि तिचे शिंगरू. विट्याकडच्या एक शेतकरी बाई आल्या. त्यांच्याकडे एक म्हातारी घोडी होतीच, तिला सोबत हवी होती. दोघे मायलेकरे घेऊन जा, असे आम्ही म्हणालो. बाईंनी पदराला हात पुसत मनाशी काही मोजले. “न्हाई भाऊ. औंदा कडबा कमी हाय. एकीचीच वैरण हाय माझ्याकडं. दोघांना नेऊन अर्धपोटी ठेवू काय?” त्यांनी बिजलीला नेले.

मला त्या थोड्या कोरड्या वाटल्या. आणि त्याच आठवड्यात मला मोठ्या मनाचे एक गृहस्थ भेटले. सांगलीजवळ त्यांचा बंगला, भोवती दोन एकर मोकळी जागा, नातवंडे. माझ्या जुन्या ओळखीचे. “एकच ना? पाच असती तरी राहिली असती हो!” ते म्हणाले. डॉक्टरांनी सोबतीचा प्रश्न काढला. मी म्हणालो, “डॉक्टर, माणसे माझ्या माहितीची आहेत. मी हमी घेतो.” सुपूर्तनाम्यावर त्यांच्या सहीखाली मी स्वतः सही केली. सांगलीच्या घरी जाऊन आईला सांगितले, “पाचही जणांची सोय लागली.”

आई निवडत असलेल्या मेथीतून डोके वर न काढता म्हणाली, “सोय लागली की तू सुटलास?”

मी त्या दिवशी ते मनावर घेतले नाही. खरे सांगायचे तर मला सुटायचेच होते. पेपर तपासायचे होते, मुलीची दहावी होती. आठ महिने मी तिकडे फिरकलो नाही. बंगला आईच्या घरापासून रिक्षाने अर्ध्या तासावर होता.

दिवाळीच्या पाडव्याला मी मिठाईचा पुडा घेऊन गेलो. स्वागत मोठ्या आनंदाने झाले. शिंगराचे नाव ‘रॉकी’ ठेवले होते. “अहो, घरातलाच झालाय! चहाच्या वेळी बिस्किटं लागतात त्याला. उरलेल्या पोळ्या त्याच्याच. काल तर लाडू खाल्ला,” यजमान कौतुकाने सांगत होते. नातवंडे मात्र घरात होती. त्यांना सायकली आल्या होत्या. आम्ही मागच्या बाजूला गेलो.

शिंगरू गुबगुबीत झाले होते. प्रथम मला बरेच वाटले. मग त्याचे उभे राहणे दिसले. पुढचे दोन्ही पाय पुढे ताणून, सारा भार मागे टाकून ते उभे होते, जणू पुढे जमीनच नाही. खुरांची टोके मोजडीसारखी वर वळली होती. मी हाक मारली. त्याने कान वळवले, पण पाऊल उचलले नाही.

“जरा आळशी झालंय,” यजमान म्हणाले.

मी बंगल्याच्या फाटकाबाहेर येऊन डॉक्टरांना फोन केला. सणाच्या दिवशी ते तासाभरात आले. डोंगरातल्या कोरड्या गवतावर जगणारी ही जात. तिला पोळ्या, बिस्किटे, लाडू घातले की खुराच्या आत दाह होतो. बाहेरचे टणक खूर आणि आतले हाड यांना धरून ठेवणारा थर सुजतो. पाय टेकणे म्हणजे निखाऱ्यावर टेकणे. डॉक्टर मला एक शब्द बोलले नाहीत. गुडघ्यावर बसून ते खूर तासत होते आणि मी शिंगराचे डोके धरून उभा होतो. मला तो पहिला पंचनामा आठवत होता. हाच मुद्देमाल पुन्हा जप्त केला असता तर मला लिहावे लागले असते: अंगावर जखम नाही, उपाशी नाही, मारहाण नाही. आणि आरोपी कोण? यजमानांना काय दोष देऊ! त्यांनी जे होते ते हौसेने दिले होते. वैरणीचा हिशेब करून ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईंना मी कोरडे ठरवले होते आणि ‘त्यात काय’ म्हणणाऱ्याची हमी घेतली होती. सही माझी होती.

घरी आलो तेव्हा आईने पानाभोवती रांगोळी काढून ठेवली होती. मला जेवण गेले नाही. मी सारे सांगितले. आई थोड्या वेळाने म्हणाली, “२०१९ च्या पुरात मी तीन आठवडे लोकांकडे राहिले. घरात घेतलं पुष्कळांनी. पण रोज सकाळी ‘मावशी, गोळी घेतली का?’ असं विचारणारी त्यात एकच होती. तिच्याचकडे मी राहिले.”

दुसरे दिवशी मी चहावाल्या पंचांकडून पत्ता काढला आणि त्या म्हाताऱ्याला शोधत गेलो. मला वाटले होते, तो मला दारातून हाकलील. तो मुकाट्याने धोतर सावरून रिक्षात बसला. बंगल्याच्या मागे त्याने शिंगराला पाहिले, मग त्याच्या पोटाला हात लावला. “लईच खाऊ घातलं की, मास्तर,” तो म्हणाला. डॉक्टरांनी मऊ वाळूचे अंथरूण करायला सांगितले होते. म्हाताऱ्याने ते स्वतः केले, दोन दिवस तिथेच राहिला आणि सकाळ-संध्याकाळ त्याला चार पावले चालवावे की नाही, यावर डॉक्टरांशी वाद घातला. डॉक्टर म्हणाले, चालवायचे नाही. म्हाताऱ्याने ऐकले. निघताना मी पैसे पुढे केले, ते त्याने घेतले नाहीत. फक्त विचारले, “त्या कागदात नावं ऱ्हायली का हो आमच्या घोड्यांची? का खोडली?”

“राहिली,” मी म्हणालो. त्या प्रकरणात मी केलेली तेवढी एकच गोष्ट मला आजही बरी वाटते.

शिंगरू बरे व्हायला पाच महिने लागले. यजमानांनी औषधाचा सारा खर्च केला आणि ते तट्टू परत द्यायला तयार झाले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते; हेही सांगितले पाहिजे. मी विट्याच्या बाईंकडे गेलो. या खेपेला हात हलवीत गेलो नाही, हिशेब घेऊन गेलो. एका तट्टाची वर्षाची वैरण किती, ती कुठे मिळते, नालबंदाचे किती होतात. बाईंनी कागद मुलाकडून वाचून घेतला. “कडबा तुमचा?” “माझा.” “दर साली?” “दर साली.” “मग आणा.”

बिजलीने त्याला ओळखले की नाही, हे मला सांगता येणार नाही. दीड वर्षाचे झालेले लेकरू घोडी ओळखते की काय कोण जाणे. दोघे एकमेकांना हुंगत राहिली आणि म्हातारी घोडी मध्ये येऊन उभी राहिली. बाईंनी त्याचे नाव ‘पाडवा’ ठेवले आहे. मी त्यांना पाडव्याच्या दिवसाची हकीकत सांगितली होती.

आता एका शनिवारी आईकडे आणि एका शनिवारी विट्याकडे, असा माझा क्रम आहे. जाताना मी काही गोडधोड नेत नाही. खूर पाहतो, गंजीतला कडबा पाहतो आणि वहीत तारीख घालतो. डॉक्टर आता कोणत्याही सुपूर्तनाम्याखाली एक ओळ वाढवतात – पुढची भेट कोण व केव्हा देणार. ती ओळ कोरी असेल तर जनावर देत नाहीत.

औंदा कडब्याचा भाव चढला आहे. हा लेख लिहायला बसलो तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले, “मानधनाचं काय घ्यायचं ठरवलंय?” मी काही बोलण्याच्या आत त्याच म्हणाल्या, “शंभर पेंढ्या तरी येतील ना हो त्यात?”